उगाबकाठचं गवंडीकाम

नामिबियातल्या दामारालँडमध्ये पाण्याच्या टाकीभोवती दगडी भिंत बांधायची, तर तिचं माप हत्तीच्या सोंडेवरून काढतात. टाकी आणि भिंत यांच्यात इतकं अंतर सोडायचं, की बाहेर उभ्या असलेल्या थोराड नराने मान पुढे काढून सोंड लांबवली तरी ती पाण्याला लागता कामा नये. रुंदी इतकी, की त्याने कपाळ टेकवून रेटा दिला तरी दगड हलू नये. उंचीची त्या मानाने फिकीर नाही. हत्ती उडी मारत नाही आणि माणसाच्या खांद्याएवढ्या भिंतीवर चढतही नाही. आत टाकी, पंप, नळ. बाहेर हत्तींसाठी वेगळा हौद. एवढ्या कामासाठी देशोदेशीची माणसं पदरचे पैसे भरून येतात, उघड्यावर झोपतात, दिवसभर दगड वाहतात आणि घरी गेल्यावर याला सुट्टी म्हणतात. मीही त्यांतलीच एक.

हा उपक्रम ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’ ही नामिबियातली संस्था चालवते. लांबलचक नावामुळे पुढे नुसतं ‘संस्था’ म्हणते. दोन आठवड्यांचा एक फेरा असतो : पहिला आठवडा भिंतीचा, दुसरा हत्तींच्या मागावर फिरण्याचा. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्याच्या ओढीने नाव नोंदवतात. माझं मत विचाराल, तर वाळवंट समजतं ते पहिल्या आठवड्यात. दुसऱ्यात दिसतं फक्त.

सुरुवात स्वाकोपमुंडला होते. जर्मनांनी १८९२ साली वसवलेलं हे अटलांटिक किनाऱ्यावरचं गाव. उतरत्या छपरांच्या टुमदार इमारती, बेकऱ्या, दुकानांवर जर्मन पाट्या आणि गाव संपतं तिथून थेट वाळू. वाळवंटात जायचं म्हणून टोप्या नि सनस्क्रीन घेऊन आलेले लोक इथे पहिल्याच सकाळी स्वेटर शोधत फिरतात. दक्षिणेकडून येणारा बेंगुएला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याला घासून जातो. त्याच्यावरची हवा गार आणि जड राहते, वर चढत नाही, त्यामुळे ढग जमून पाऊस पडण्याचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्यावर वर्षाकाठी वीस मिलिमीटरही पाऊस होत नाही. त्याऐवजी धुकं पडतं, दाट आणि ओलं, कधी कधी शंभर किलोमीटर आतपर्यंत. नामिब हे जगातलं सर्वांत जुनं वाळवंट मानतात, काही कोटी वर्षांचं. एवढ्या काळात इथल्या जिवांनी धुकं प्यायची सोय करून घेतली आहे. इथला एक काळा भुंगेरा पहाटे टेकाडाच्या माथ्यावर जाऊन डोकं खाली, पार्श्वभाग वर असा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून त्याच्या तोंडात जातात.

स्वाकोपमुंडच्या टुमदारपणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सहलीच्या माहितीपत्रकांत ती क्वचित सापडते. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. कैद्यांची एक छावणी याच गावात होती. गावाच्या कबरस्तानाला लागून ओळीने मातीचे असंख्य उंचवटे आहेत, त्यांवर नावं नाहीत. शेजारच्या जर्मन कबरींवर संगमरवर आहे. कॉफी-केक खाऊन झाल्यावर तिकडे पायी जाता येतं, जावं.

हेंटीस बेपासून आत वळलं की खडीचा रस्ता सुरू होतो आणि सपाट, करड्या मैदानातून सरळ उईसकडे जातो. नामिबियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीच पटीहून जास्त आणि लोकसंख्या तीस लाखांच्या घरात. हे आकडे वाचून काही बोध होत नाही. समोरून गाडी येताना दिसली की दोन्ही चालक स्टिअरिंगवरचा हात उचलून एकमेकांना नमस्कार करतात, तेव्हा होतो. उईस हे कथिलाच्या खाणीचं गाव. १९९० मध्ये ती मोठी खाण बंद पडली आणि तिचा पांढरा, टेकडीएवढा ढिगारा गावाच्या डोक्यावर तसाच राहिला. पश्चिमेला ब्रांडबर्ग, २,५७३ मीटर, देशातला सर्वांत उंच डोंगर. उन्हं कलली की त्याचा ग्रॅनाइट लालभडक होतो. या डोंगराच्या घळींमध्ये चाळीस हजारांहून जास्त चित्राकृती मोजल्या गेल्या आहेत. त्यांतली ‘व्हाइट लेडी’ जगप्रसिद्ध. राइनहार्ट माक या जर्मन सर्वेक्षकाला ती १९१८ च्या सुमारास दिसली आणि पुढे आबे ब्रॉय या फ्रेंच अभ्यासकाने ती भूमध्यसागराकडून आलेली गोरी स्त्री असल्याचं ठोकून दिलं. ती स्त्री नाही, गोरी तर नाहीच. अंगाला पांढरा रंग फासलेला पुरुष आहे, बहुधा विधी करणारा मांत्रिक. आफ्रिकेत काही सुंदर सापडलं की ते बाहेरच्या कुणीतरी केलेलं असणार, हा त्या काळचा हट्ट. आजही पाटीवर नाव जुनंच आहे.

संस्थेचा मुख्य तळ उईसपासून थोड्या अंतरावर उगाब नदीच्या काठी आहे. नदी म्हटलं तरी वर्षातले बहुतेक दिवस ती वाळूचा रुंद पट्टा असते. वर डोंगराळ भागात चांगला पाऊस झाला तर काही दिवस वाहते, समुद्रापर्यंत तर क्वचितच पोचते. पण वाळूच्या खाली पाणी असतं आणि त्या पाण्यावर काठाची झाडं, झाडांवर हत्ती आणि त्याच पाण्यावर माणसंही.

माणसं इथे कशी आली, ते समजल्याशिवाय भिंतीचं प्रयोजन कळत नाही. नामिबिया तेव्हा ‘दक्षिण-पश्चिम आफ्रिका’ होता आणि दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. वर्णभेदी सरकारच्या ओडेंडाल आयोगाने १९६४ मध्ये शिफारस केली, की प्रत्येक जमातीला तिचा वेगळा प्रदेश द्यावा. त्यासाठी गोऱ्यांचे कुरणमळे सरकारने विकत घेतले आणि दामारा लोकांना तिथे आणून वसवलं. वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जमीन. आंबोलीला जुलैतल्या एका दिवसात याहून जास्त पडतो. गोरे मालक गेले. त्यांच्या बोअरवेल, पवनचक्क्या आणि सिमेंटच्या टाक्या मागे राहिल्या. दामारा कुटुंबं त्या पाण्याभोवती शेळ्यामेंढ्या पाळून राहू लागली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लष्करी अंमल, दुष्काळ आणि बेसुमार शिकार यांमुळे या पट्ट्यातून हत्ती जवळजवळ नाहीसे झाले होते. २१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला, शिकारीला आळा बसला आणि नव्वदच्या दशकात हत्ती उत्तरेकडून आपल्या जुन्या वाटांनी उगाबला परत आले. परत येऊन पाहतात तो जागोजागी टाक्या. तोपर्यंत एक अख्खी पिढी हत्ती न पाहता मोठी झाली होती.

आम्ही ज्या पाणवठ्यावर काम केलं, तिथे राहणाऱ्या आजीबाईंना सगळे ऊमा म्हणत. आफ्रिकान्समध्ये म्हाताऱ्या बाईला आदराने तसंच म्हणतात. पत्र्याची दोन खोल्यांची झोपडी, काटेरी फांद्यांचा शेळ्यांचा गोठा, एक गाढवगाडी आणि शेजारी पाण्याची गोल टाकी. याला इथे फार्म म्हणतात, पण नांगरट शून्य. ऊमांनी आम्हांला आधी बसू दिलं नाही, हाताला धरून टाकीपाशी नेलं. टाकीचा काठ एका बाजूने तुटलेला. बोअरवेलमधून येणारा पाइप उपटून काढला होता, त्याचा काळा वेटोळा बाजूला पडलेला. टाकीभोवतीच्या वाळलेल्या चिखलात हत्तींची पावलं कायमची उठली होती आणि त्या खळग्यांत शेळ्यांच्या लेंड्या जमल्या होत्या. शेळ्यांसाठी बाजूलाच उथळ हौद होता, तो धड होता. हत्तींना शेळ्यांनी उष्टावलेलं, ऊन लागून कोमट झालेलं पाणी आवडत नाही. त्यांना टाकीतलं गार, ताजं पाणी हवं असतं, आणि पाइपातून ते येतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मोठा हत्ती दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी पितो. आठ-दहा जणांचा कळप रात्री आला की टाकी सकाळी कोरडी. ऊमांचा पंप डिझेलचा होता. म्हणजे हत्तींनी प्यालेलं पाणी त्यांनी डिझेल जाळून वर काढलेलं. शेळी विकायची, त्या पैशाचं डिझेल आणायचं आणि ते हत्तींना पाजायचं, असा तो व्यवहार. हत्तींबद्दल प्रेम असो नसो, या हिशेबात राग येणारच.

भिंतीचं काम तसं सरळ आहे आणि कंबरडं मोडणारं आहे. सकाळी उजाडताच बक्की, म्हणजे उघडी पिकअप गाडी, माळावर जायची आणि आम्ही दगड गोळा करायचे. दगड उचलायची रीत पहिल्याच दिवशी शिकवली जाते : दगड नेहमी आपल्याकडे कलता करायचा, पलीकडे नाही. खाली विंचू किंवा साप असला तर त्याला पळायला पलीकडची बाजू मोकळी मिळते. आपल्याकडून उघडला तर तो आपल्या पायांवरच. मग गाडी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. वाळू नदीची, सिमेंट उईसहून आणलेलं, पाणी त्याच टाकीतलं आणि म्हणून मोजूनमापून. मिक्सर नाही, जमिनीवर ढीग करून मध्ये खळगा पाडायचा आणि फावड्यांनी कालवायचं.

बांधकामाचा मुख्य म्हणजे एक स्थानिक गवंडी. बोलायचा कमी. दोन्ही दर्शनी बाजूंना मोठे दगड, मधल्या पोटात लहान दगड आणि माल, अशी भिंत चढवत न्यायची. मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे गडगा कोरडा रचतात, दगडाला दगडाचं तोंड शोधून. त्यामुळे आपल्याला यातलं थोडं कळतं असा माझा समज होता. मी नीट निवडून बसवलेला दगड त्याने हातोडीच्या दांड्याने टकटक वाजवला, काढला, उलटा केला आणि पुन्हा बसवला. आता हलेना. असं दुपारपर्यंत चालायचं. बारानंतर ऊन इतकं चढतं, की थापी हातात धरवत नाही. मग तीनपर्यंत सगळी मंडळी एकाच काटेरी झाडाच्या सावलीबरोबर सरकत राहायची. संध्याकाळी पुन्हा दोन तास काम.

मुक्काम टाकीजवळच. तंबू दिलेले असतात, पण एक-दोन रात्रींनंतर लोक उघड्यावर ताडपत्री पसरून झोपायला लागतात. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसून घेणं एवढीच चैन. स्वैपाकाच्या पाळ्या असतात आणि स्वैपाक लाकडांच्या विस्तवावर, तीन पायांच्या ओतीव लोखंडी भांड्यात. माझ्या पाळीला मी बरोबर नेलेल्या बेसनाचं पिठलं केलं. आमच्यातल्या डच मुलांनी ते ब्रेडला लावून खाल्लं, गवंड्याने मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खाल्लं आणि वाडगा पुन्हा पुढे केला. त्याच्या बाजूने हे एवढंच संभाषण झालं. आमचा टीमलीडर मात्र बोलका. मी भारतातली म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न : “आमचे चित्ते कसे आहेत?” १७ सप्टेंबर २०२२ ला आठ चित्ते नामिबियातून कुनोला आले, त्यांची चौकशी. कुठला मेला, कुठलीला पिल्लं झाली, सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ऊमा रोज संध्याकाळी काम बघायला यायच्या. नातू दुभाष्या. एकदा त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे पण हत्ती असतात म्हणे. टाक्या फोडतात?”

“टाक्या नाहीत फोडत. माड पाडतात, केळी खातात.”

“मग तुम्ही काय करता?”

मी सांगितलं. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले, तेव्हापासून तिळारीच्या खोऱ्यात लोक फटाके लावतात, डबे बडवतात, रात्र रात्र जागतात. सरकार पंचनामा करून भरपाई देतं.

“पुरते?”

“नाही.”

ऊमा पोट धरून हसल्या. “मग सारखंच की.” नातवाला भाषांतर करायची गरज पडली नाही.

पैसे भरून मजुरी करायची, या प्रकाराबद्दल मला निघताना शंका होत्या आणि त्या सगळ्या फिटल्या असं नाही. तेवढ्या विमानभाड्यात उईसमधले चार बेकार तरुण कितीतरी महिने कामाला लावता आले असते, हे खरंच आहे. पण माझ्या विमानभाड्याचा पैसा तसाही उईसला गेला नसता. मी तो कुठल्यातरी हॉटेलात खर्च केला असता. संस्थेला आम्ही भरतो त्या शुल्कातून सिमेंट, डिझेल, गवंड्याचा पगार आणि हत्तींवर नजर ठेवण्याचा खर्च निघतो. आमचे हात ही वरकड भर. एवढं समजून गेलं की आपण कुणावर उपकार करतोय असं वाटेनासं होतं, आणि तेच बरं.

आफ्रिकेच्या याच दक्षिणेकडच्या टापूत दुसऱ्या टोकाचे नमुनेही आहेत. दक्षिण आफ्रिकेत परदेशी तरुण पैसे देऊन सिंहाच्या ‘अनाथ’ बछड्यांना बाटलीने दूध पाजत आणि ते बछडे मोठे झाले की कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात, हे उघड झाल्यावर मोठा गहजब झाला. तरी असले धंदे संपलेले नाहीत. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांवर माया करून निघून जाणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं. जिथे प्राणी कुरवाळू देतात, तिथे जाऊ नये, हा मी केलेला साधा नियम. आमच्या संस्थेत हत्तीला हात लावायचा प्रश्नच नाही. बांधकामाच्या आठवड्यात तर तो बहुतेकांना दिसतही नाही.

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा : आपण निघून गेल्यावर ही वस्तू कुणाची आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? चिलीच्या अटाकामा वाळवंटाच्या कडेला चुंगुंगो नावाचं कोळ्यांचं खेडं आहे. डोंगरावर उंच जाळी उभारून धुक्याचं पाणी गोळा करायचं आणि नळाने गावाला द्यायचं, असा प्रयोग तिथे झाला. १९९२ पासून गावाला ते पाणी मिळू लागलं, जगभर कौतुक झालं. पुढच्या दशकात जाळी फाटत गेली, दुरुस्तीचं कुणी मनावर घेतलं नाही, गावाला सरकारी पाणी हवं होतं आणि योजना बंद पडली. कल्पना काही वाईट नव्हती. फाटलेली जाळी कुणी शिवायची, एवढंच ठरलं नव्हतं. याउलट ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात २००० साली स्थापन झालेली ‘ह्यूमेन बॉर्डर्स’. सीमा ओलांडताना तहानेने मरणाऱ्या स्थलांतरितांसाठी ही मंडळी पाण्याची पिंपं ठेवतात आणि लांबून दिसावीत म्हणून त्यांवर उंच निळा झेंडा लावतात. तिथे स्वयंसेवकाचं काम म्हणजे गाडीने जाऊन पिंप भरणं, पुन्हा आठवड्याने जाऊन भरणं. कुणी पिंप भोसकून ठेवलं तर नवं आणणं. साहस वगैरे काही नाही, पण चालू आहे. आणि ज्यांना निव्वळ साहसच हवं त्यांच्यासाठी मोरोक्कोत १९८६ पासून ‘मॅराथॉन दे साब्ल’ आहे : सहाराच्या वाळूतून साधारण अडीचशे किलोमीटर, सामान पाठीवर, पाणी मोजून. १९९४ मध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात भरकटला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. जिवंत. नंतर तो पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, यावर मला काही म्हणायचं नाही.

भिंतीला दुरुस्तीच्या या कसोटीवर मार्क चांगले पडतात. तिला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत. दगड पडलाच तर ऊमांचा नातू तो परत बसवू शकतो; कालवायचं कसं ते त्याने आमच्याबरोबरच शिकून घेतलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात लँड क्रूझर उगाबच्या पात्रात उतरतात. चाकांतली हवा कमी करायची, वाळूत रुतली तर खणून काढायची, रोज नव्या जागी मुक्काम. काठाला ॲना नावाची मोठी झाडं आहेत, बाभळीच्या कुळातली, पण उलट्या स्वभावाची : कोरड्या ऋतूत हिरवी राहतात आणि पावसाळ्यात पानं गाळतात. त्यांच्या वेटोळ्या, जर्दाळू रंगाच्या शेंगा ऐन टंचाईत पडतात आणि हत्ती त्यांच्यावर जगतात. मला गंमत वाटली ती मात्र एका ओळखीच्या झुडपाची. पात्रात जागोजागी गर्द हिरवी जाळी दिसत होती; जवळ जाऊन पाहिलं तर पीलू, ज्याच्या काड्यांचं मिस्वाक होतं. राजस्थान-कच्छमध्ये याला ‘जाळ’ म्हणतात. आपल्याकडची वेडी बाभूळही नामिबियातल्या नदीपात्रांत पसरली आहे आणि तिथेही तिच्याबद्दल कुणाचं चांगलं मत नाही.

हे हत्ती वेगळ्या जातीचे नाहीत. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातलेच, पण काटक. चारा-पाण्यासाठी एका दिवसात साठ-सत्तर किलोमीटर चालणारे आणि पाण्याशिवाय काही दिवस काढणारे. अंगाने सडसडीत असल्याने पाय लांब वाटतात. कळप लहान, कारण एका जागी जास्त तोंडांना पुरेल एवढं काही नसतं. वाळवंटाला असे सरावलेले हत्ती आणखी फक्त मालीत आहेत.

पहिला कळप दिसला तेव्हा टीमलीडरने गाडी वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला लावून इंजिन बंद केलं. पाच माद्या, दोन पिल्लं. म्होरकी मादी कोरड्या पात्रात उभी होती. तिने पुढचा पाय आडवा फिरवून वाळू उकरायला सुरुवात केली. मग सोंडेने, ओंजळीने काढावी तशी, ओली वाळू बाहेर टाकली. खड्डा अरुंद, तिच्या सोंडेपुरता. सोंड आत घालून ती थांबली. पाणी झिरपायला वेळ लागतो. पहिल्यांदा आलेलं गढूळ पाणी तिने शोषून बाजूला फुंकून टाकलं आणि पुन्हा थांबली. मग प्यायली. एक पिल्लू मध्येमध्ये करत होतं, त्याला मागच्या पायाने, अगदी हलकेच, बाजूला सारलं. त्यांचं झाल्यावर सगळी रांगेने काठाला निघून गेली. अर्ध्या तासात त्याच खड्ड्यावर आधी वानरं आली आणि मग एक ओरिक्स. वाळवंटात विहिरी हत्ती खणतात आणि वापरतात सगळे.

कानांच्या फाटक्या कडा, सुळ्यांची ठेवण, शेपटीचे केस यांवरून प्रत्येक हत्ती ओळखतात. त्यांच्या फायली आहेत. आम्ही जीपीएसवर जागा टिपायची, फोटो काढायचे, पिल्लं मोजायची. ही माहिती पाणवठ्यांवरच्या कुटुंबांपर्यंत पोचते : कळप तुमच्या दिशेने येतोय, आज शेळ्या लवकर आत घ्या. गेंड्यांचं मात्र उलट. या भागात काळे गेंडे आहेत आणि १९८२ पासून ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’ त्यांच्यावर पहारा ठेवते. गेंड्याचा फोटो काढाल तर जागा कुठेही सांगू नका, असं बजावलं जातं.

रात्री विस्तवापाशी बोलणं फिरून फिरून एकाच नरावर यायचं. फोरट्रेकर. हत्ती उगाबला परत आले, तेव्हा वाट दाखवणाऱ्यांत हा होता. शांत, माणसांना सरावलेला, छायाचित्रकारांचा लाडका. जून २०१९ मध्ये सरकारने त्याला ‘उपद्रवी प्राणी’ ठरवून शिकारीचा परवाना दिला आणि तो मारला गेला. तो उपद्रवी नव्हताच, असं त्याच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्यांचं म्हणणं. शेजारच्या काही गावसंस्थांनीही सरकारला तसं लिहून कळवलं होतं. परवान्याचे पैसे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांच्या कामी येतात, असं सरकारचं म्हणणं. टीमलीडरने हे दोन्ही सांगितलं आणि विस्तवात लाकूड सारलं.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसाचं मन लगेच एका बाजूला झुकतं. माझंही झुकलेलं होतं. पण नामिबियाची गोष्ट एवढ्यात संपत नाही. ऐंशीच्या दशकात गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन यांनी इथल्या गावप्रमुखांना सोबत घेऊन गावातलेच रक्षक नेमले. त्यांत पूर्वी चोरटी शिकार करणारेही होते. त्या कामाला १९९३ चं गोल्डमन पारितोषिक मिळालं. १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवरचे हक्क मिळाले, म्हणजे पर्यटनाचं आणि मर्यादित शिकारीचं उत्पन्न गावाचं. अशा ‘कॉन्झर्व्हन्सी’ आता देशभर ऐंशीहून अधिक आहेत. हत्ती ही गावाची मिळकत झाली म्हणून तो टिकला, असं म्हणणारे आहेत. मिळकत झाली म्हणून त्याचा हिशेब लागतो आणि कधी तो वजा होतो, असंही म्हणणारे. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने १७० जिवंत हत्ती विकायला काढल्याची जाहिरात दिली, तेव्हा दोन्ही बाजूंनी ही वाक्यं पुन्हा म्हणून झाली. मला इतकंच दिसलं, की फोरट्रेकरच्या बाजूने बोलणारे जसे दामारा होते, तसे त्याच्या विरोधातलेही दामाराच होते, आणि दोघांच्याही टाक्या फुटलेल्या होत्या.

जायचं मनात असेल तर मे ते सप्टेंबर हा काळ बरा. दिवसा काम करवतं. रात्री थंडी कडाक्याची, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग हवी. डिसेंबर ते मार्च ऊन चाळिशीपार जातं आणि नद्या आल्याच तर याच दिवसांत. मुंबईहून थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे विंडहुक आणि तिथून रस्त्याने साडेतीनशेहून अधिक किलोमीटर स्वाकोपमुंड. अदिस अबाबाला जास्त वेळ थांबणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीच्या दाखल्याचं आधी विचारून घ्या. बिनपगारी कामालाही तिथे काम म्हणतात, त्यामुळे नुसत्या पर्यटक व्हिसावर भागेल असं गृहीत धरू नका; संस्थेकडून आणि वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. पाठदुखी असेल तर भिंतीच्या आठवड्यात खरं सांगा, म्हणजे तुम्हांला सांधे भरायला बसवतील. आणि हातमोजे चामड्याचेच न्या, तेही दोन जोड. सुती मोजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकत नाहीत.